बाळाचे कोरे बूट

एपिफानियाच्या तोंडी लागू नये, हे सांता रितातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. कळणारच, निम्म्या गावाला ते तिनेच पट्टीने शिकवलं होतं. तीस वर्षं दर शनिवारी ती चर्चमागच्या खोलीत धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. पुस्तकात प्रश्न छापलेले, त्याखाली उत्तरं छापलेली. पोरांनी दोन्ही पाठ करायची आणि मुकाट घरी जायचं. कुणी पुस्तकाबाहेरचा प्रश्न काढला की तिची पट्टी टेबलावरून उठायची. "प्रश्न देव विचारेल, शेवटच्या दिवशी. तू कोण लागून गेलास?"

तोंडावर लोक तिला मानाने डोन्या पिफा म्हणायचे. माघारी काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. बाजारात ती मोले विकायची. मिरच्या, तीळ, बदाम, कोको, सगळं भाजून वाटलेलं काळंभोर वाटण. त्यात ती स्वतःची जीभही थोडी वाटते, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि तरी तिच्याकडूनच घ्यायची.

या बाईने जन्मात देवाकडे एकच गोष्ट मागितली होती. चालतं बाळ वर्षभर आपल्या घरी यावं.

आमच्या गावचं हे येशूबाळ वीतभर उंचीचं आहे, लाकडाचं, एका गालाचा रंग उडालेला. ते चर्चमध्ये राहत नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या दोन तारखेला, मेणबत्त्यांच्या सणाला, ते एका घरून उठतं आणि दुसऱ्या घरी वर्षभर राहायला जातं. त्या घराने त्याला स्वतंत्र खोली द्यायची, कपाट द्यायचं, खेळणी द्यायची, आणि रोज संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला येईल त्याच्या हातात मक्याच्या पिठाचा, पानात वाफवलेला गरम तामाल ठेवायचा. घरच्यांच्या तोंडाला फेस येतो. तरी वहीत नाव घालायला रांग लागलेली असते. पिफाचा नवरा लेओबार्दो गवंडी. त्याने नाव घातलं तेव्हा बाळाची पाळी ठरवणाऱ्या कमिटीने सांगितलं, एकोणीस वर्षं थांबा. लेओबार्दो सातव्या वर्षी मेला. पिफा थांबली.

आणि हे बाळ चालतं बरं का. सगळे झोपले की ते उठतं आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊन येतं. म्हणून त्याच्या पायात पांढऱ्या चामड्याचे बोटभर बूट. सकाळी घरची बाई गाणं म्हणून त्याला उठवते, कपडे बदलते आणि बुटांचे तळ बघते. तळाला चिखल दिसला की तिने दारात येऊन घंटा वाजवायची. शेजारीपाजारी धावत येतात, त्या चिखलाला बोट लावून कपाळाला लावतात. बाळाला नवे बूट घालतात, जुने जपून ठेवतात. वर्ष सरलं की चर्चच्या अंगणात टेबलावर सगळे मळके जोड ओळीने मांडायचे. कुणाचे वीस, कुणाचे पंचवीस. डोन्या कासिल्दाच्या घरी एका वर्षात बत्तीस जोड मळले होते, आणि ते ऐकवल्याशिवाय ती अजून कुणाला पाणी देत नाही. जितके जोड जास्त तितकं घर पवित्र, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण गावाला पाठ आहे.

पिफाला एकच लेक, नोएमी. सात वर्षांची असताना ती एकदा म्हणाली, "आई, बाळ रात्री बाहेर जातं, तर दाराची कडी कोण काढतं?" पिफाच्या हातात मोले ढवळायचा लाकडी कालथा होता. तोच पाठीत बसला. त्या दिवसापासून नोएमीने आईला विचारणं सोडलं आणि जे करायचं ते सरळ करायला लागली. बत्तिसाव्या वर्षी तिने सरळ लग्न केलं. यादिराशी.

यादिरा गावच्या दवाखान्यात नर्स. गावातल्या प्रत्येकाच्या ढुंगणावर तिच्या हातची सुई टोचलेली आहे, कमिटीवाल्यांच्या तर दोन-दोनदा. तेव्हा तिचा हात हलका होता, मायेचा होता. कचेरीत जाऊन दोघींनी रजिस्टरवर सह्या केल्या आणि त्याच हाताचा सगळ्यांना विटाळ व्हायला लागला. कायद्याने लग्न लागतं, ते कुणालाच अडवता आलं नाही, म्हणून जो तो घरात बसून धुमसत होता. पिफा लग्नाला गेली नाही. त्या दिवशी तिने एवढ्या मिरच्या निवडल्या की तीन दिवस हातांची आग गेली नाही.

तरी दोघी राहत होत्या तिच्याच मागच्या खोलीत, कारण मोलेची चक्की नोएमीशिवाय चालत नव्हती. चौदा महिने पिफा यादिराशी एक शब्द बोलली नाही. जे सांगायचं ते मांजराला सांगायची. "मने, कुणीतरी नळ उघडा टाकलाय गं." "मने, आमच्या घरात मीठ एवढं घालत नाहीत." यादिराही कधीकधी मांजरालाच उत्तर द्यायची, आणि मांजर बिचारं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचं.

नोव्हेंबरात कमिटी आली. पुढे डॉन एलिहिओ, वीटभट्ट्यांचा मालक, कमिटीचा प्रमुख. खुर्चीत बसला, कॉफी प्यायला, मिशी पुसली.

"डोन्या पिफा, तुमची पाळी आली."

"मला सांगता? एकोणीस वर्षं दिवस मोजतेय मी."

"हो, पण ते..." एलिहिओने हनुवटीने मागची खोली दाखवली. "ते तिथे आहे तोवर बाळ इथे येणार नाही. बाळाला सगळं कळतं. असल्या घरात ते पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मग गावावर काय ओढवेल, सांगता येतं?"

दुसऱ्या कुणी तिच्या ओसरीवर बसून तिच्या लेकीला 'ते' म्हटलं असतं, तर पिफाने त्याची सालटी काढली असती. तुम्हाला कुणी सांगितलं, बाळाला काय कळतं ते? एवढं तरी विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. तिला फक्त भीती वाटली, की वहीतलं नाव खोडतील.

"कधीपर्यंत?" ती म्हणाली.

"नाताळाच्या आत झालं तर बरं," एलिहिओ म्हणाला आणि दुसरा कप मागितला.

नोएमी चक्कीपाशी मिरच्या भाजत होती. पिफा तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "तुमचं सामान उचला. नाताळाच्या आत खोली रिकामी पाहिजे."

नोएमीने आधी तवा खाली घेतला. "त्या लाकडी बाहुलीसाठी?"

पिफाने ताडकन थोबाडीत मारली. तेहतीस वर्षांच्या बाईला. "जीभ हासडीन. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!"

"तू विचारलंस त्याला?" नोएमी गाल न चोळता म्हणाली. "एलिहिओला नव्हे, तुझ्या बाळाला. आम्ही दोघी इथे झोपलेल्या त्याला खपत नाही, असं म्हणालं ते?"

"देवाला प्रश्न विचारत नसतात."

"देवाला विचारायचं नाही, फादरला विचारायचं नाही, एलिहिओला विचारायचं नाही. सगळे प्रश्न मलाच कसे गं? कधी सुधारणार, लोकांना काय सांगू, माझ्या पोटी कशी आलीस? मी देऊ ना उत्तरं, आणि तो लाकडाचा बसणार गप!"

पिफाचा हात पुन्हा उठला, पण तेवढ्यात यादिरा आली. तिने नोएमीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. कटकट नको." मग पिफाकडे बघून म्हणाली, "आई, ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपत आल्यात तुमच्या. मंगळवारी दवाखान्यात या, मी काढून ठेवते."

"मने," पिफा म्हणाली, "सांग तिला, माझ्या गोळ्यांची उठाठेव करू नको म्हणावं."

आठवड्यात त्या गेल्या. वीटभट्ट्यांच्या पलीकडे एक खोली मिळाली, पत्र्याची, दिवसभर धूर येणारी. पिफाने मागची खोली धुऊन काढली, चुना लावला, खिडकीला पांढरे पडदे शिवले. बाळासाठी पंचवीस जोड बूट शिवून कपाटात रचले. बाई खूश होती. खोटं कशाला बोला, लेकीची आठवण काढून रडत वगैरे नव्हती. गाणी म्हणत होती.

दोन फेब्रुवारीला बाळ आलं. बँड, फटाके, दारापर्यंत फुलांच्या पाकळ्या. अख्खं गाव तिच्या ओसरीवर जेवलं. आदल्या वर्षापर्यंत तिला वाटेत टाळणारे लोक तिच्या हाताचं चुंबन घेऊन गेले, आणि पिफाला वाटलं, लेओबार्दो आज असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून, अंघोळ करून, ती बाळाच्या खोलीत गेली. गाणं म्हणाली. बूट काढले. तळ कोरे. पहिलाच दिवस, दमलं असेल, असं म्हणून तिने बूट परत घातले. तिसऱ्या दिवशी कोरे. दहाव्या दिवशी कोरे. ओसरीवर शेजारणी जपमाळेच्या आधीच कान टवकारून बसायच्या.

"घंटा नाही ऐकू आली, डोन्या पिफा."

"वाजली की ऐकू येईल. बहिऱ्या नाही आहात."

महिना गेला. जपमाळेला येणारे ऐंशीचे चाळीस झाले. एलिहिओ येऊन बाळाकडे बराच वेळ बघत राहिला. "घरात अजून काहीतरी आहे त्यांचं," तो म्हणाला. "पलंग कुठे आहे?"

पलंग परसात होता. लेओबार्दोने लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाला स्वतः केलेला, सीडरच्या लाकडाचा. पिफाने कुऱ्हाड घेतली, त्याचे तुकडे केले आणि चक्कीच्या चुलीत घातले. नोएमीचे राहिलेले दोन झगे घातले. शाळेच्या वह्याही घातल्या. त्या आठवड्यात मोलेला एक वेगळाच वास येत होता, गिऱ्हाइकांनी तक्रार केली. आणि सकाळी बूट कोरेच.

मग ती गुडघ्यांवर चालत चर्चला गेली. उपास धरले. फादर पंधरा दिवसांतून एकदा मिस्सेच्या प्रार्थनेला यायचा, त्याच्याकडे पापकबुलीला बसून तिने तरुणपणी चोरलेल्या रिबिनीपर्यंत सगळं सांगितलं. लेकीचं सांगितलं नाही. ते तिच्या लेखी पाप नव्हतंच, पुण्य होतं. गुडघे सोलून निघाले, सकाळी बूट कोरे. आता ओसरीवर बारा-पंधरा माणसं उरली, तीही तामालसाठी येणारी.

जूनमध्ये कासिल्दा आली. हीच ती बत्तीस जोडवाली, आणि नोएमीची बाप्तिस्म्यातली धर्ममाय. दुपारची वेळ, बाहेर सर पडून गेलेली. तिने दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"पिफे, किती गं वेडी तू! अंगणात एवढा चिखल पडलाय."

"मग?"

"मग काय मग? बोट बुडव आणि लाव. किती दिवस लोकांची बोलणी खाणार आहेस?"

पिफाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि परत बसली. "तू लावलास?"

"हळू बोल."

"बत्तीस जोडांना?"

"एकाला लावला," कासिल्दा म्हणाली. "बाळ हलेचना गं. मला वाटलं, नवऱ्याच्या, आब्रामच्या पायी. त्याचा हात असा उठतो, बाहेर ती दुसरी बाई. म्हटलं, माझंच घर घाणेरडं, म्हणून बाळ चालत नाही. तू तरी लोकांना सांगितलं असतंस का? एकदा लावला. लोक आले, रडले, कपाळाला लावून गेले. पंधरा दिवसांनी परत माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मग काय करू? ऑगस्टात आब्रामने हा हात मोडला. प्लास्टर होतं, तर डाव्या हाताने लावला."

"बाळ कुठे होतं तेव्हा? हात मोडला तेव्हा?"

"कुठे असणार? शेजारच्या खोलीत."

"आणि कमिटी?"

"कमिटी काय बोलणार? आमचं लग्न चर्चमध्ये लागलंय, पिफे." कासिल्दाने डोळे पुसले आणि लगेच सावरून बसली. "हे तुझ्या-माझ्यात हं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पिफाने तिला हाताला धरून उठवलं आणि दाराबाहेर काढलं. "चालती हो. खोटारडी! देवाच्या पायाला चिखल फासतेस आणि वर मला शिकवतेस?" कासिल्दा ओल्या गल्लीतून पळत गेली. पिफा बाळासमोर बसली, आणि एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला. बाकीच्यांचं काय?

डोक्यात शिरलं की ते पुरं केल्याशिवाय राहील तर ती पिफा कसली. बाळ ज्यांच्या घरी राहून गेलं अशा अकरा बाया गावात जिवंत होत्या. ती एकेकीच्या दारात गेली, आणि ना नमस्कार ना चमत्कार, एकच विचारलं. "तुझ्या बाळाच्या बुटांना चिखल कुणी लावला?" एकीने कुत्रं सोडलं. एकीने धुण्याचं पाणी अंगावर फेकलं. तिसरी म्हणाली, "तुझ्या लेकीने देव बाटवला आणि आता तू आम्हाला बाटवायला निघालीस!" पिफा हटली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशी परत. नदीकाठच्या म्हातारीने शेवटी कपाळ बडवून घेतलं आणि सांगितलं, कॉफीचा चोथा लावला होता. एकीने कोंबड्यांच्या खुराड्यातला चिखल. खुद्द एलिहिओच्या बायकोने भट्टीची लाल माती. "सुरुवातीला फक्त," ती म्हणाली, "नंतर चाललं असेल ते."

"तू बघितलंस?"

एलिहिओच्या बायकोने दार लावून घेतलं.

अकरापैकी नऊजणींनी कबूल केलं, आणि नवांपैकी प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच घरात खोट होती. कुणाला वाटत होतं नवरा पितो म्हणून, कुणाला वाटत होतं पोर पाडलं होतं म्हणून. बाकीच्यांच्या घरून बाळ चालतं, माझ्याच घरून नाही. शरमेने प्रत्येकीने बोट बुडवलं आणि पुढचीला फसवलं. पिफाला हसू आलं, मग एवढा राग आला की तिने चक्कीची परात भिंतीवर आपटली. या बायकांच्या आणि त्यांच्या नवऱ्यांच्या शब्दावर तिने लेक बाहेर काढली होती. बाळाला काय कळतं ते यांना ठाऊक!

तेव्हाच उठून भट्ट्यांकडे जायला हवं होतं. वीस मिनिटांची वाट. पण पिफा ती, गेली नाही. एकोणीस वर्षं थांबून मिळालेलं वर्ष अर्धवट टाकायचं तिच्या जिवावर आलं. सात महिने ती रोज सकाळी त्या कोऱ्या बुटांसमोर गाणं म्हणत राहिली. बूट शिळे झाले, पांढऱ्याचे पिवळसर झाले, तिने बदलले नाहीत. कधीकधी बाळाशी बोलायचीही. "तू बसून राहिलास ते बरं केलंस. खोटं तरी नाही बोललास." दवाखान्यातून तिच्या गोळ्या दर महिन्याला येत होत्या. आणून देणाऱ्या झाडूवालीला कुणी पाठवल्या हे तिने कधी विचारलं नाही. ठाऊक होतंच ना.

दोन फेब्रुवारी आली. चर्चच्या अंगणात पांढऱ्या चादरीचं टेबल, सगळं गाव गोळा, नव्या घरचे लोक फुलं घेऊन उभे. पिफा बाळाला छातीशी धरून आली. बाळाला खुर्चीवर बसवलं आणि टेबलावर एकच जोड ठेवला.

"बाकीचे?" एलिहिओ म्हणाला.

"एवढेच. वर्षभर हेच होते. तळ बघा."

एलिहिओने बूट उलटे करून बघितले. अंगणात गलका झाला. त्याने बूट उंच धरून सगळ्यांना दाखवले. "बघा! मी म्हटलं होतं की नाही? घर बाटलेलं होतं, बाळाने पाऊल टाकलं नाही!"

"घर बाटलेलं होतं, तर बाटवणाऱ्या दोघी जाऊन वर्ष झालं," पिफा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, त्यांना काढा, काढलं. पलंग जाळा म्हणालात, जाळला. आता घरात मी एकटी. मग खोट कुणात?"

"तुमच्यात!" मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

"असेल. माझ्यात असेल. बाळ चालत नाही असं मी म्हणत नाही. माझ्या घरून चाललं नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. तुमच्या घरून चाललं का, ते तुम्ही सांगा. अकराजणी आहात इथे. बाळासमोर उभं राहून सांगा, चिखल कुणी लावला. कासिल्दा, तू सांग. कुठल्या हाताने लावलास ते सांग."

कासिल्दाने उजवा हात शालीत घेतला. शेजारी आब्राम उभा होता. "मला काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "हिचं डोकं फिरलंय. लेकीमुळे."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. सैतानीण म्हणाले, देवबुडवी म्हणाले, जशी लेक तशी माय म्हणाले. ज्या नऊजणींनी कबूल केलं होतं त्याच सगळ्यात मोठ्याने ओरडत होत्या. कुणीतरी गरम तामाल फेकला, तो तिच्या खांद्यावर फुटला आणि रस पाठीवर ओघळला. एलिहिओने तिथल्या तिथे जाहीर केलं की शनिवारचा वर्ग आता दुसरी बाई घेईल. नव्या घरचे लोक बाळाला उचलून बँडच्या मागे निघाले. नवी बाई, विशीतली, घाबरून पिफाकडे बघत होती. पिफा तिला म्हणाली, "बघ नीट. रोज बघ. आणि लोकांना विचार." नवऱ्याने त्या पोरीला दंडाला धरून ओढत नेलं.

पिफा सरळ भट्ट्यांकडे गेली. शालीवर तामालचा डाग, चपलांना विटांची लाल धूळ. पत्र्याच्या खोलीचं दार यादिराने उघडलं. तिने एकदा खांद्याकडे बघितलं आणि आत हाक मारली. "नोएमी, आई आल्यात."

नोएमी दारात आली. आत ये म्हणाली नाही. वर्षभरात ती वाळली होती, भट्टीच्या धुराने डोळे लाल झाले होते. पिफाने वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सोडून तिने भलतंच काढलं.

"बूट कोरेच राहिले," ती म्हणाली. "एकदाही चाललं नाही. सगळ्याजणी आपल्या हाताने चिखल लावतात. मी आज सगळ्यांसमोर सांगितलं."

"ठाऊक आहे," नोएमी म्हणाली. "जूनपासून ठाऊक आहे. दवाखान्यात सगळं कळतं. तू दारोदार विचारत हिंडलीस, तेही कळलं. आमच्या दारात नाही आलीस."

"वर्ष पुरं व्हायचं होतं."

"हो ना. वर्ष." नोएमीने दाराची कड धरली. "एक विचारू? मारणार नसशील तर."

"विचार."

"बुटांना चिखल लागला असता, तर आज आली असतीस?"

पिफाने तोंड उघडलं. 'आले असते' म्हणणं सोपं होतं. लेकीने आत घेतलं असतं, यादिराने पाठीवर मलम लावलं असतं. आज सकाळीच नऊ बायका अशाच खोटं बोलल्या होत्या. तिला रडू फुटलं, आणि रडतच तिने खरं ते सांगितलं.

"नसते आले."

नोएमीने दाराची कड सोडली. "बरं," ती म्हणाली. "मग जा, आई." आणि तिने दार लावलं. आत यादिरा हळू आवाजात काहीतरी समजावत होती, नोएमी "नाही" म्हणत होती, परत "नाही" म्हणत होती.

पिफा दारात उभी राहिली. परत जायला गाव नव्हतं, वर्ग नव्हता, बाळ नव्हतं. तिने नाक पुसलं आणि दार वाजवलं. दार उघडलं नाही. तिने पुन्हा वाजवलं.